एकशे दोन नंबरची जागा

१

शाळेत शिकवून घरी आली की पर्ला आधी बूट काढायची, मग पंखा लावायची आणि मग आईसमोर वाकून तिचा हात स्वतःच्या कपाळाला लावायची. आईला सगळे नानाय म्हणत. नानाय रोज विचारायची, "जेवलीस?" आणि पर्ला रोज हो म्हणायची, जेवलेली असो वा नसो. गेल्या आठ महिन्यांत खोटं बोलायची तिला इतकी सवय झाली होती की हे एवढंसं खोटं तिच्या खिजगणतीतही नव्हतं.

नानाय त्र्याऐंशी वर्षांची. खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत तिचा दिवस जायचा. शेजारी तिवई, तिवईवर क्रोशाचा रुमाल, त्यावर बाळ येशूची मूर्ती आणि मूर्तीला खेटून फोन. रिसीव्हर, वेटोळी वायर आणि मोठाली बटणं असलेला जुन्या धाटणीचा. मोबाइलच्या काचेला बोट लावलं की तिला वाटायचं, आपण काहीतरी बिघडवलं. म्हणून पाच वर्षांपूर्वी सगळ्यात धाकट्या डिंडोने ही सोय करून दिली. तो सौदीत, दम्मामच्या एका हॉटेलात कॉम्प्युटर आणि फोन सांभाळायचा. मोठ्या ऑफिसांत टेबलाटेबलावर असतात तसे नंबर त्याने इंटरनेटवरच्या एका कंपनीकडून भाड्याने घेतले आणि घराचंच ऑफिस करून टाकलं. इथलं, इलोइलो शहरातलं घर शंभर. थोरली पर्ला एकशे एक. तिच्या पाठचा नेस्टर एकशे दोन. कॅनडातली ग्लेंडा एकशे तीन आणि तो स्वतः एकशे चार. पोरं जगाच्या पाठीवर कुठेही असोत, नानायने तीन बटणं दाबली की पोराचा फोन वाजायचा.

"देवाला नाही दिलास नंबर?" नानायने तेव्हा विचारलं होतं.

"त्याची लाइन कायम बिझी असते," डिंडो म्हणाला होता.

नेस्टर मालवाहू जहाजावर आचारी होता. लग्न केलं नव्हतं. फेब्रुवारीत एका सकाळी भटारखान्यात पाव भाजता भाजता तो खाली बसला आणि पुन्हा उठला नाही. परक्या बंदरात दहन झालं. कंपनीने अस्थींची डबी, त्याच्या सामानाची पेटी आणि एक पत्र पाठवलं. नानाय त्याच आठवड्यात हृदयाचं ऑपरेशन होऊन घरी आली होती.

"धक्का बसता कामा नये," डॉक्टर म्हणाले. "थोडे दिवस तरी."

थोडे दिवस म्हणजे किती, हे पर्लाने विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

माणूस गेला की नऊ दिवस त्याच्या घरात प्रार्थना म्हणतात, शेजारीपाजारी जमतात, कॉफी होते. नेस्टरच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना फोनवर झाल्या. पर्ला शाळेच्या ग्रंथालयात, नकाशांच्या कपाटामागे. ग्लेंडा विनिपेगमध्ये, भल्या पहाटे. डिंडो हॉटेलच्या जनरेटरच्या खोलीत. एकाने अर्धी ओळ म्हणायची आणि दोघांनी ती पुरी करायची. घरात यातला एक शब्दही उच्चारला गेला नाही.

२

पहिला आठवडा नानायने एकशे दोन लावलाच नाही. दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, "नेस्टरचा फोन नुसता वाजतोय. बोटीवर काही झालं का गं?"

त्या संध्याकाळी पर्लाने डिंडोला फोन केला. डिंडो आणि नेस्टर यांचे आवाज लहानपणापासून सारखे. पाद्रीसुद्धा फसायचे.

"एकशे दोनवर उत्तर आलं नाही तर तो फोन तुझ्याकडे वळवता येतो ना?"

"येतो." मग डिंडोच्या लक्षात आलं. "मानांग, नाही. मला नाही जमणार." थोरल्या बहिणीला म्हणायचा हा शब्द तो पाय ओढत चालल्यासारखा म्हणायचा, लहान असताना म्हणायचा तसा.

"दोन मिनिटं बोलायचं. बरा आहे, काम आहे, ठेवतो."

"तिने विचारलं, आज काय शिजवलंस, तर? मला साधी अंडी उकडता येत नाहीत."

"मग सांग, अंडी उकडली."

"हसू नकोस."

"मी हसत नाहीये, डिंडो. हसायला त्राण कुठे आहे?"

मग तो म्हणाला, "आपण त्याला अजून नोकरीवर ठेवतोय."

पण त्याने केलं. मार्च गेला, एप्रिल गेला. नेस्टरच्या नावाने खाऊची आणि साबणांची पेटीसुद्धा आली. ती ग्लेंडाने पाठवली होती. नानायने साबण हुंगला आणि कपाटात ठेवून दिला. पर्लाला वाटलं, निभतंय. निभतंय म्हणजे काय, तर रोज सकाळी उठायचं, आईच्या गोळ्या काढायच्या, शाळेत जायचं, परत यायचं आणि नेस्टरसाठी रडण्याचं काम उद्यावर टाकायचं.

३

लेनी ही शेजारची बाई पर्ला शाळेत असताना नानायजवळ बसायची. ऑक्टोबरात एका दुपारी ती कोळंबी निवडत म्हणाली, "तुमचा तो बोटीवरचा भाऊ म्हणजे गुणाचा हं. आमचं कार्टं शहरात राहून आईला महिन्याला फोन करत नाही. आणि हा रोज तास-तासभर!"

"तासभर?"

"मग? तीन वाजले की तुमच्या नानाय केस विंचरून बसतात. हसतात काय, बोलतात काय. मी म्हटलंसुद्धा, एवढं तर माझ्या नवऱ्याशी लग्नाआधी बोलले नव्हते मी."

पर्लाला धाकट्या भावाविषयी एकदम भरून आलं. दम्मामला तेव्हा सकाळचे दहा वाजत असतील, ऐन कामाची वेळ. रात्रीचं जेवण झाल्यावर तिने परसात जाऊन त्याला फोन लावला.

"तुझे आभार मानायचेत."

"बाप रे. कशाबद्दल?"

"नानायशी रोज एवढा वेळ बोलतोस त्याबद्दल. मला वाटलं होतं तू कंटाळशील."

"मी?" डिंडो म्हणाला. "मानांग, मला वाटलं तिने एकशे दोन लावायचं सोडलं. ऑगस्टच्या सुरुवातीपासून एकही फोन आलेला नाही माझ्याकडे. खोटं कशाला सांगू, सुटल्यासारखं वाटलं होतं मला."

परसात पपईच्या झाडाखाली कोंबडी पिसं फुलवून बसली होती, तिच्याकडे पर्ला पाहत राहिली.

"थांब," डिंडो म्हणाला. "कंपनीच्या पानावर सगळ्या फोनांची नोंद असते. बघतो." बटणांची टकटक ऐकू आली, मग थांबली. "शंभरवरून एकशे दोनला. काल एक्केचाळीस मिनिटं. परवा छप्पन्न. त्याच्या आदल्या दिवशी... मानांग, हे फोन माझ्याकडे वळलेलेच नाहीत. एकशे दोनने उचललेत."

"एकशे दोन कुठे आहे?"

"हेच तर. फोन जोडलेला असला की नंबरासमोर हिरवा ठिपका दिसतो." त्याने पान पुन्हा उघडून पाहिलं. "ठिपका आहे."

४

डिंडोने दुसऱ्या दिवशी समजावून सांगितलं. इंटरनेटवर चोर असतात. असे पडून असलेले नंबर हेरतात, पासवर्ड फोडतात आणि त्यावरून परदेशी फोन करतात. रोजची गोष्ट आहे. त्याने पासवर्ड बदलला आणि ठिपका विझला.

"झालं," तो म्हणाला. "साधी गोष्ट होती."

"चोर आपल्या इलोंगो बोलीत म्हातारीशी तासभर काय बोलतात?"

"मला काय विचारतेस? एकटे असतील."

दुपारी तीन वाजता ठिपका पुन्हा लागला. पर्ला त्या दिवशी शाळेतून लवकर घरी आली होती.

आता डिंडोच्या आवाजातली मजा गेली होती. "मानांग, नीट ऐक. ठिपक्यावर क्लिक केलं की तो फोन कुठल्या इंटरनेटवरून जोडलाय ते दिसतं. नेस्टरचा मोबाइल कुठे आहे?"

"त्याच्या खोलीत, कपाटात. पेटीतून आला तसाच ठेवलाय."

"चालू आहे तो. तोच असणार. कारण हा पत्ता आपल्याच घराचा आहे. नानायचा फोन आणि एकशे दोन, दोन्ही एकाच जागेवरून जोडलेत."

पर्लाला हायसं वाटलं. म्हणजे मोबाइल चालू राहिला, लेनीने झाडताना चुकून चार्जरला लावला असेल, एवढंच. मग उचलतं कोण, हा प्रश्न तिने तात्पुरता बाजूला सारला. गेल्या काही महिन्यांत प्रश्न बाजूला सारण्यात ती तरबेज झाली होती.

नेस्टरची खोली मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या पलीकडे. दाराला पडदा, आत पलंग आणि कपाट. तिने कपाट उघडलं. शर्टांच्या खाली प्लास्टिकची पिशवी, फेब्रुवारीत तिने स्वतः गाठ मारलेली. गाठ तशीच होती. आत मोबाइल, घड्याळ, जपमाळ. मोबाइलचं बटण तिने दाबून धरलं. काहीच झालं नाही. काचेत तिचा स्वतःचा चेहरा तेवढा दिसला, दमलेला.

बाहेरच्या खोलीत त्याच वेळी नानाय फोनवर हसली.

५

पर्ला बैठकीच्या दारातल्या पडद्याआड उभी राहून ऐकत होती. नानाय म्हणत होती, "नाही रे, ती भिंत पाडली. तू म्हणतोस तिथे आता फ्रिज आहे." मग थोडं थांबून, "माझ्या पलंगापासून? थांब, मोजून सांगते. नऊ पावलं. माझी हं, तुझी सहा होतील." पुन्हा थांबून, "पर्ला? आता जाडी झालीय. चष्मा लागला. चालताना जरा डावीकडे झुकते."

पर्ला पुढे झाली. "कोण आहे, नानाय?"

"नेस्टर. दुसरं कोण?"

"तो हे कशाला विचारतोय? घर त्याने बांधलंय."

"पाण्यावर राहून राहून विसरतो बिचारा," नानाय म्हणाली. तिने हे पर्लाकडे न बघता, रिसीव्हरच्या बोलायच्या बाजूवर हात न ठेवता सांगितलं.

"दे इकडे. मी बोलते."

नानायने रिसीव्हर दिला, पण लगेच नाही.

पर्लाने तो कानाला लावला. पलीकडे कुणी बोलत नव्हतं. पण लाइन मेलेलीही नव्हती. एखादी खोली रिकामी नसली की तिची शांतता जशी जड असते, तशी ती शांतता होती. मग तिला पंख्याचा आवाज ऐकू आला. त्यांच्याच पंख्याचा. तो प्रत्येक फेरीला एकदा टक् करायचा. रिसीव्हरमध्येही टक्, खोलीतही टक्, एकाच वेळी.

माझ्याच फोनमधून आत जाणारा आवाज परत ऐकू येत असेल, तिने स्वतःला सांगितलं. डिंडो एकदा म्हणाला होता की असं होतं. तिने हात लांब करून पंखा बंद केला. पाती फिरत फिरत थांबली. रस्त्यावरून बर्फाची गाडी गेली, तिची घंटा खिडकीतून आली आणि रिसीव्हरमधूनही आली. फक्त रिसीव्हरमधली घंटा बारीक होती, लांबून आल्यासारखी. स्वयंपाकघर ओलांडून, मागच्या खोलीत पोहोचेपर्यंत जेवढी बारीक होईल, तेवढी.

तिने फोन ठेवला.

"काही म्हणाला?" नानायने विचारलं.

"नाही."

"तुला लाजतो," नानाय म्हणाली.

६

त्या रात्री डिंडो म्हणाला, नंबरच काढून टाकू. ग्लेंडा म्हणाली, तुम्ही दोघं वेडे झालात, आधी आईला सांगा, हे आपण मार्चमध्येच करायला हवं होतं. पर्ला म्हणाली, मार्चमध्ये तू इथे नव्हतीस. नंबर काढला की नानाय विचारणार. विचारलं की नवं खोटं रचायला हवं. ते रचायला पर्लाकडे आता काही उरलं नव्हतं. आणि खरं सांगितलं तर आईचं हृदय टिकेल की नाही, कुणाला ठाऊक?

शनिवारी सकाळी तिने लेनीला येऊ नको म्हणून सांगितलं. डॉक्टरांचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवला. नानायला गोळ्या दिल्या, लापशी भरवली, तोंड पुसलं. मग तिच्यासमोर बुटक्या स्टुलावर बसली आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले. हात थंड होते आणि फार हलके.

"नानाय, नेस्टर गेला. फेब्रुवारीत. बोटीवरच, हृदय बंद पडून. आम्ही तुला सांगितलं नाही."

नानायने तिच्याकडे पाहिलं. ती रडली नाही, तिने छातीही धरली नाही. लांबच्या प्रवासातून येऊन बाकावर टेकल्यावर माणूस सोडतो तसा श्वास तिने सोडला.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"डिंडो पहिल्यांदा नेस्टर म्हणून बोलला तेव्हापासून. त्याला नाटक कधी जमलंय? नाताळच्या नाटकात राजा झाला होता, तर बाळ येशूला द्यायचं सोनं घरीच विसरला. मी म्हटलं, आज काय केलंस, तर म्हणतो, अंडी उकडली." तिच्या ओठाचा कोपरा हलला. "माझा नेस्टर अंडी उकडेल?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू दिवसभर राबून येऊन खोटं बोलायचीस. तुझी एवढी मेहनत मी कशी वाया घालवू? वाटलं, तुला रडायला अजून वेळ मिळाला नसेल. मिळाला की सांगशील."

पर्लाचं डोकं आईच्या गुडघ्यावर टेकलं. आठ महिन्यांत ती पहिल्यांदा रडली. नानाय तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. किती वेळ गेला कोण जाणे. सगळं संपलं, असं पर्लाला वाटलं. आता रीतसर प्रार्थना करता येतील, शेजाऱ्यांना बोलावता येईल, झोपता येईल.

मग ती डोळे पुसत म्हणाली, "पण नानाय, मग तू रोज तासभर कुणाशी बोलत होतीस?"

"ते मला काय माहीत?" नानाय म्हणाली.

हात केसांतून फिरत होता, तो थांबला नाही.

"ऑगस्टात मी एकशे दोन लावला. डिंडोला दोन शब्द बोलता यावेत म्हणूनच लावायची मी. पण उचलला दुसऱ्याच कुणीतरी. मी म्हटलं, नेस्टर? तो जरा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, हो. खोटं बोलत होता. पण खोटं तर तुम्हीही बोलत होतात. त्याला निदान घाई नव्हती."

"आणि तू त्याला घरातलं सगळं सांगितलंस?"

"तो विचारायचा. इतकं मन लावून कुणी विचारलं नव्हतं मला, कित्येक वर्षांत." नानायचा आवाज थकला होता. "तुम्ही जागा राखून ठेवलीत, पर्ला. त्याच्या नावाने, नंबर घालून. तीत बसायला माणूस मात्र नव्हता. मग बसलं कुणीतरी."

पर्लाने मान वर केली.

"एकदा म्हणाला, येऊ का घरी? मी म्हटलं, नाही. या घरात नेस्टर अजून जिवंत आहे. तो आहे तोवर तू फोनवरच राहायचंस. पर्ला ज्या दिवशी तोंडाने सांगेल की नेस्टर गेला, त्या दिवशी ये." नानायने पहिल्यांदाच डोळे खाली घातले. "मला वाटलं होतं, तू कधीच सांगणार नाहीस."

७

तिवईवरचा फोन गप्प होता. पंखा फिरत होता आणि प्रत्येक फेरीला टक् करत होता. बाहेर लख्ख ऊन होतं, शेजारच्या आवारात कुणीतरी कपडे आपटत होतं. सकाळचे दहासुद्धा वाजले नव्हते.

मागच्या खोलीत पलंग करकरला. बराच वेळ बसलेलं माणूस उठतं तेव्हा करकरतो तसा.

मांजर असेल, पर्लाला वाटलं. त्यांच्या घरी मांजर नव्हतं, हेही तिला त्याच क्षणी आठवलं. मग पावलं ऐकू आली. स्वयंपाकघरातून, सावकाश, मोजल्यासारखी. फ्रिजपाशी ती थांबली, त्याला वळसा घालून पुढे आली. नवीन माणूस अंधारात चाचपडतो, पण ही पावलं चाचपडत नव्हती. त्यांना सगळं सांगून ठेवलेलं होतं.

बैठकीच्या दारातल्या पडद्याशी ती थांबली. पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. त्याच्याखाली दोन अनवाणी पाय दिसत होते, माणसाचे, पुरुषाचे. नेस्टरच्या पायांवर गरम तेलाचे जुने डाग होते. या पायांवर डाग नव्हते. कसलीच खूण नव्हती. भेगा नव्हत्या, शिरा नव्हत्या, अजून कधी जमिनीवर चालले नसावेत असे ते गुळगुळीत होते.

नानायने पर्लाचं मनगट घट्ट धरलं. एवढी ताकद तिच्यात उरली असेल असं वाटलं नव्हतं.

"बोलू नकोस," ती कुजबुजली. "मी त्याला आणखी एक सांगितलंय, घर आता पर्लाचं आहे, तिने ओ दिल्याशिवाय आत यायचं नाही."

पर्लाने मान हलवली. ती बोलणार नव्हतीच. डोळे अजून ओले होते, अंग रडून रडून रिकामं झालं होतं. डिंडोला फोन करायला हवा, नानायला उचलून पुढच्या दाराने बाहेर न्यायला हवं, हे सगळं तिला दिसत होतं आणि सगळं फार लांब वाटत होतं.

पडद्यापलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला.

"मानांग?"

त्याने तो शब्द जरा अडखळत उच्चारला, कधी न खाल्लेली वस्तू जिभेवर ठेवून बघावी तसा. पण आवाज नेस्टरचा होता. डिंडोचा नव्हे, नेस्टरचाच. शाळेतून येऊन दारातूनच हाक मारणाऱ्या, तिच्याहून दोन वर्षांनी लहान असलेल्या पोराचा. त्या आवाजाने तिला फेब्रुवारीपासून कुणी हाक मारली नव्हती.

नानायची नखं मनगटात रुतली.

आणि सगळं समजत असूनही, वर्षानुवर्षांच्या सवयीने, पर्लाच्या तोंडून निघून गेलं, "ओ."